वंशवृक्षात चूक सापडली, आता पुढे काय?

माझ्या वंशवृक्षात चार वर्षं एक परका माणूस माझा पणजोबा म्हणून उभा होता. नाव तेच, गाव तेच, वयही जवळपास जुळणारं. त्याच्या नावाची नोंद हाती आली त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नव्हती. त्याला धरून मागे मागे जात मी त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजी-पणजोबा आणि त्यांची भावंडं अशी त्याच्यासकट एकतीस माणसं जोडली. मग एका दुपारी मृत्यूंच्या नोंदवहीत तेच नाव, तोच व्यवसाय, तीच बायको पुन्हा दिसली. हा माणूस माझ्या आजोबांच्या जन्माच्या तीन वर्षं आधीच वारला होता.

मी लगेच सगळं पुसायला बसले. सात-आठ नावं पुसल्यावर हात थांबला, कारण एक साधा प्रश्न मनात आला: मुळात मी या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवला? उत्तर मला आठवेना. कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं. खरी चूक तिथे होती, आणि नावं पुसून ती गेली नसती.

त्यानंतर आजवर माझ्या आणि इतरांच्या अनेक वंशावळींमधल्या चुका मी निस्तरल्या. त्यातून जी पद्धत बसली ती इथे क्रमाने सांगते. तुमच्या वंशवृक्षात अजून चूक सापडली नसली तरी ही तपासणी करून पाहा. तीन पिढ्यांच्या वर गेलेल्या वंशावळीत एकही चूक नाही असं मी अजून पाहिलेलं नाही.

आधी थांबा, पुसू नका

संशय आला त्या दिवशी एवढंच करायचं: आहे त्या स्थितीतल्या वंशवृक्षाची एक प्रत वेगळी ठेवायची, तिच्यावर तारीख घालायची, आणि संशयित व्यक्तीच्या नावापुढे ‘तपासणी चालू’ असं लिहायचं. वंशवृक्ष इतरांना दिसत असेल तर तो तात्पुरता झाकून ठेवा. चुकीची फांदी जितके दिवस उघडी राहते तितक्या वंशावळींत तिची नक्कल जाते.

न पुसण्याचं कारण भावनिक नाही. चुकीच्या माणसाची कागदपत्रंही त्याच गावातली, त्याच काळातली असतात. माझ्या त्या परक्या पणजोबाच्या जमिनीच्या एका दस्तावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. दस्त मी चार वर्षांपूर्वीच उतरवून घेतला होता, साक्षीदारांकडे मात्र पाहिलंच नव्हतं. त्यातली एक सही माझ्या खऱ्या पणजोबांची निघाली. फाइल पुसून टाकली असती तर ती सहीही गेली असती.

मोडका सांधा शोधा

वंशावळ म्हणजे सांध्यांची साखळी. ‘अमुक हा तमुकचा मुलगा’ हा प्रत्येक सांधा एक स्वतंत्र दावा असतो. चूक बहुतेक वेळा माणसात नसते, सांध्यात असते. माझा परका पणजोबा खराच होता, त्याची माहितीही खरी होती. फक्त तो आणि माझे आजोबा यांना जोडणारी रेघ खोटी होती.

म्हणून कागदावर स्वतःपासून सुरुवात करा आणि एकेक सांधा मागे जा. प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा: हे मला कशावरून कळलं? ‘आजीने सांगितलं’, ‘जन्मनोंदीचं छायाचित्र पाहिलं’, ‘कुणाच्या तरी वंशवृक्षातून घेतलं’, ‘माहीत नाही’. जे असेल ते प्रामाणिकपणे. तुमच्या बाजूने मोजत गेल्यावर पहिला कच्चा सांधा जिथे लागेल तिथेच काम सुरू करायचं. लोक नेमकं उलट करतात. सगळ्यात जुन्या, सगळ्यात मानाच्या पूर्वजावर वेळ घालवतात आणि मधला खिळखिळा सांधा तसाच राहतो.

इथे पूर्वजांना क्रमांक द्यायची जुनी पद्धत फार कामाला येते. १५९० मध्ये मिखाएल आयत्सिंगर यांनी ती छापील स्वरूपात वापरली. तुम्ही १, वडील २, आई ३. कोणत्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्या व्यक्तीचे वडील, आणि दुपटीत एक मिळवला की आई. वडिलांचे वडील ४, त्यांचे वडील ८. माझा क्रमांक ८ चुकला होता. म्हणजे १६ आणि १७ गेले, ३२ ते ३५ गेले, ६४ ते ७१ गेले. ९ व्या क्रमांकावरची पणजी मात्र राहिली, कारण आजोबांच्या आईचं नाव वेगळ्या, पक्क्या नोंदीवरून आलं होतं. धक्का कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो ते असं आकड्यांत दिसलं की मन ताळ्यावर येतं.

मूळ कागदापर्यंत जा, आणि माहिती कोणी दिली ते विचारा

सूचीतलं नाव म्हणजे नोंद नव्हे. सूची कोणीतरी घाईत वाचून केलेली असते. जुन्या इंग्रजी कागदांत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो, आणि त्या एका अक्षरापायी कित्येक आडनावं सूचीत भलतीकडे जाऊन बसली आहेत. उच्चारावरून नाव शोधण्यासाठी अमेरिकेत ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत निघाली, तिचं पहिलं पेटंट १९१८ चं. पण तीही नावाचं पहिलं अक्षर तसंच धरते. पहिलंच अक्षर चुकीचं वाचलं गेलं असेल तर ती पद्धतसुद्धा हात टेकते. तेव्हा सूचीतून फक्त पान क्रमांक घ्यायचा आणि पान स्वतः उघडायचं. त्या पानाच्या मागचं आणि पुढचं पानही वाचायचं.

पान समोर आलं की दुसरा प्रश्न: यातली कोणती गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःला माहीत होती? मृत्यूची नोंद घ्या. मृत्यूचा दिवस आणि ठिकाण सहसा भरवशाचं, कारण सांगणारा तिथे होता. पण त्याच कागदावर मृताची जन्मतारीख आणि त्याच्या आईवडिलांची नावं असतात. ती सांगणारा मुलगा, जावई किंवा शेजारी जन्माच्या वेळी हजर नव्हता. एकाच कागदाची एक ओळ पहिल्या हाताची आणि दुसरी ऐकीव असू शकते. कागद सरकारी आहे म्हणून सगळ्या ओळी सारख्या मानणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक आहे.

वयांच्या बाबतीत तर नोंद ठेवणाऱ्यांचे नियमही माहीत हवेत. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. चौतीस वर्षांचा माणूस तिथे तीस वर्षांचा दिसतो. सूचना सगळ्यांनी पाळली असंही नाही. हे ठाऊक नसलेला वाचक त्या तिसातून जन्मवर्ष काढतो, ते चार वर्षांनी चुकतं, आणि मग तो दुसऱ्याच कोणाचा तरी जन्म आपल्या पूर्वजाला चिकटवतो.

‘पाच ठिकाणी हेच लिहिलंय’ यानेही निर्धास्त होऊ नका. पाचही ठिकाणी ते एकाच जागेवरून उतरवलेलं असेल तर पुरावा एकच. स्वीडनमध्ये जन्मलेला गुस्ताव आंजू (१८६३–१९४२) हा माणूस अमेरिकेत श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी विकत असे. त्या ग्रंथालयांत पोचल्या, तिथून पुढच्यांनी उतरवल्या, आणि त्यातली नावं आजही नव्या वंशवृक्षांत डोकावतात. नक्कल करणाऱ्या कोणाच्याही मनात खोट नव्हती. त्यांनी फक्त मूळ पाहिलं नाही.

तारखा तपासताना दिनदर्शिका तपासा

समजा १७२० च्या इंग्लंडमधल्या नोंदवहीत एका जोडप्याचं लग्न १० जून १७२० ला आहे आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १७२० ला. मूल लग्नाआधीचं असं समजून कोणी त्याची दुसरी आई शोधायला लागेल. पण इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. जून १७२० नंतर आलेला फेब्रुवारीही १७२० चाच लिहिला जाई. आपल्या हिशेबाने तो बाप्तिस्मा १७२१ चा, लग्नानंतर आठ महिन्यांनी. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती, म्हणजे सीमेपलीकडे हाच हिशेब लावला तर नवी चूक.

१७५२ मध्ये ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, दिनदर्शिका घेतली तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर. रशियात हा बदल १९१८ मध्ये झाला, ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी. ग्रीसमध्ये तो १९२३ पर्यंत लांबला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

यावरचा उपाय सोपा आहे. नोंदीत जशी लिहिली आहे तशीच तारीख उतरवा, बदल करायचा तो बाजूला स्वतंत्र लिहा, आणि महिना नेहमी अक्षरांत. ‘४/७’ असं लिहिलेलं दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही.

एका नावाची दोन माणसं

माझी स्वतःची चूक या प्रकारातली, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

नाव जुळलं की आपण विचारतो, ‘हाच तो का?’ आणि मन होकार द्यायला टपलेलंच असतं. हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. त्याऐवजी त्या नावाची त्या परिसरातली प्रत्येक नोंद, आपली वाटो वा न वाटो, एकेका चिठ्ठीवर लिहा. वर्ष, ठिकाण, व्यवसाय, बायकोचं नाव, साक्षीदार, शेजारी, सही की अंगठा. सगळ्या चिठ्ठ्या वर्षांच्या क्रमाने मांडा. मग पाहा, एकाच माणसाच्या आयुष्यात त्या बसतात का. एकाच आठवड्यात दोन दूरच्या गावी हजर असणारा, किंवा आज सही करणारा आणि पुढच्या वर्षी अंगठा उठवणारा माणूस बहुधा एक नसतो. मी हे चौथ्या वर्षी केलं तेव्हा माझ्या टेबलावर अडीच तासांत तीन वेगळी माणसं उभी राहिली.

नाव आणि वय यांवर दोघांना वेगळं करता येत नाही. त्यांच्या भोवतालच्या माणसांवरून करता येतं. दस्तावर साक्षीला कोण आलं, शेजारी कोण राहत होतं, कर्जाला जामीन कोण राहिलं, विधवेच्या पाठीशी कोण उभं राहिलं. हा गोतावळा माणसाबरोबर गावोगाव फिरतो आणि सहसा दुसऱ्याचा होत नाही.

आणखी दोन सापळे. लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत अनेक समाजांत होती. त्यामुळे जन्मनोंद सापडली की त्याच घरातल्या बालमृत्यूंची वहीही पाहायची. दुसरा सापळा ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’चा. जुन्या इंग्रजी नोंदींत हे शब्द बापलेकांसाठीच असतील असं नाही. एकाच गावातल्या एका नावाच्या दोन माणसांत थोरला आणि धाकटा एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, नातं नसतानाही.

नात्यांच्या शब्दांत आपण मराठी वाचक विशेष फसतो, कारण आपली भाषा नेमकी आहे आणि दुसरीही तशीच असेल असं आपण धरून चालतो. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस अशी चार दारं वेगळी. इंग्रजी कागदावरचा ‘कझिन’ यांतल्या कुठल्याही दारातून आलेला असू शकतो, आणि जुन्या मृत्युपत्रांत तर तो नुसताच ‘नातेवाईक’ असतो. ‘नेफ्यू’ म्हणजे पुतण्या की भाचा हे कागद सांगत नाही, आणि फार जुन्या मजकुरात त्याचा अर्थ नातूही होतो. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे जुन्या काळी कधी सासू, कधी सावत्र आई. उतरवताना मूळ शब्द देवनागरीत जसाच्या तसा ठेवा, भाषांतर नंतर. उलट दिशेनेही हेच. ‘ते आमचे आजोबा’ असं घरातलं कोणी म्हणालं तर ते वडिलांचे वडील, आईचे वडील की त्यांपैकी कोणाचे चुलतभाऊ, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. पुढे विचारायला ते माणूस नसतं.

घरात चालत आलेल्या कथांचंही असंच. त्या फेकून देऊ नयेत आणि जशाच्या तशा लिहूही नयेत. ‘एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ असं हजारो अमेरिकी कुटुंबं सांगतात. न्यूयॉर्क बंदरातलं ते स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र १८९२ ते १९५४ चालू होतं, आणि तिथले अधिकारी नावं लिहीत नसत. निघालेल्या बंदरावर तयार झालेल्या जहाजाच्या यादीशी ती पडताळून पाहत. आडनावं बदलली ती बहुतेक पुढे, स्वतः लोकांनीच, नव्या देशात रुळताना. कारकुनाची कथा खरी मानणारा माणूस बदल कधी आणि का झाला हे शोधायचंच थांबवतो. त्याचं नुकसान इथे होतं.

नोंद नाही याचा अर्थ काय

‘सापडला नाही, म्हणजे तिथे नव्हता’ हे अनुमान काढण्याआधी ती वही मुळात शिल्लक आहे का ते पाहा. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीपायी गेले. आयर्लंडमधल्या डब्लिनचं सरकारी अभिलेखागार १९२२ च्या यादवीत जळलं. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत भस्म झाली, आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. शिवाय काही वह्या आहेत पण बंद आहेत. अमेरिका जनगणनेतली वैयक्तिक माहिती ७२ वर्षं झाकून ठेवते, म्हणून १९५० ची माहिती १ एप्रिल २०२२ ला खुली झाली.

शोधून हाती काही न लागलेल्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवा: कोणती वही, कोणती वर्षं, नावाची कोणती रूपं शोधली, किती पानं फाटलेली होती. मी हे केलं नव्हतं, म्हणून एकच वही तीनदा वाचली.

डीएनए चाचणीबद्दल थोडंसं

चाचणी कागदांना पर्याय नाही, पण मोडक्या सांध्याची झडती घेते. दोघांत किती डीएनए सामायिक आहे ते सेंटीमॉर्गन या मापात सांगतात. आईवडिलांपैकी एक आणि अपत्य यांच्यात सुमारे ३,४०० सेंटीमॉर्गन सामायिक असतात. सुमारे १,७५० आढळले तर मात्र ते आजोबा, काका, मावशी, सावत्र भाऊ यांपैकी कोणीही असू शकतं. आकडा नातं सांगत नाही, नात्यांची यादी देतो. खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांपैकी साधारण दहांत एका जोडीत काहीच सामायिक सापडत नाही, तेव्हा ‘जुळलं नाही’ यावरून तेवढ्या दूरचं नातं नाकारता येत नाही. सात सेंटीमॉर्गनहून लहान तुकड्यांवर तर काहीच उभारू नका.

आणि निकाल उघडण्याआधी घरात बोला. एखाद्या सांध्याखाली दत्तक मूल किंवा कोणीतरी जपलेलं दुःख निघू शकतं. त्याची बातमी ज्यांच्यावर कोसळेल ती माणसं हयात असतात. कोणाला, केव्हा आणि किती सांगायचं हे आधी ठरवा. हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही उघड करू नये, या बाबतीत मी अपवाद मानत नाही.

नवा सांधा लिहून बसवा

आता दुरुस्ती. अमेरिकेतल्या वंश-अभ्यासकांची ‘जिनिऑलॉजिकल प्रूफ स्टँडर्ड’ नावाची कसोटी आहे, तिची पाच अंगं अशी: शक्य तेवढा सगळा शोध, प्रत्येक विधानाचा पूर्ण संदर्भ, पुराव्यांची छाननी आणि तुलना, परस्परविरोधी पुराव्याचा उलगडा, आणि शेवटी तर्कशुद्ध लेखी निष्कर्ष. चौथ्या अंगाशी लोक अडतात. विरोधी पुरावा बाजूला सारणं म्हणजे उलगडा नव्हे. तो का चुकीचा ठरतो हे सांगावं लागतं, आणि सांगता आलं नाही तर सांधा उघडा ठेवावा लागतो.

हा निष्कर्ष मी नेहमी पूर्ण वाक्यांत लिहिते, तक्त्यात नाही. ‘अमुक हा तमुकचा मुलगा असावा, कारण…’ असं लिहायला लागलं की ‘कारण’ नंतर पेन अडखळतं, आणि अडखळतं तिथेच कच्चेपणा असतो. लिहून झालेलं घराबाहेरच्या कोणाला वाचायला द्या. घरच्यांना ते खरं असावं असं आधीच वाटत असतं.

ज्यांना जुनी वंशावळ दिली होती त्या सगळ्यांना कळवा. पत्र छोटं हवं: कोणता सांधा चुकला, कशावरून कळलं, त्यामुळे कोणती नावं वगळावीत, त्या जागी काय आहे किंवा अजून काहीच नाही. मी नऊ जणांना लिहिलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एका काकांना फार वाईट वाटलं, आणि एका मावसबहिणीने तिच्याकडची जुनी पाकिटं काढून पाठवली. तो परका माणूस ज्यांचा खरा पूर्वज होता त्यांचाही माग लागला. एकतीस माणसांची ती फाइल मी त्यांच्या हवाली केली.

चुकांची वही

हे सगळं झाल्यावर एक वेगळी वही घाला. दर चुकीला पाच ओळी: काय मानलं होतं, कशावरून, कशाने ते मोडलं, किती काळ गेला, आणि कोणती एक सवय असती तर चूक टळली असती. शेवटची ओळ जपून लिहा. ‘जास्त काळजी घ्यायला हवी होती’ हे उत्तर नव्हे. ‘जन्म जुळल्यावर त्याच नावाचा मृत्यू त्याच गावात तपासायला हवा होता’ हे उत्तर आहे, कारण ते उद्या करता येतं.

दहा-बारा चुका लिहून झाल्या की स्वतःचा कल दिसू लागतो. कोणी तारखांत घसरतं, कोणी छापील पुस्तकाला शरण जातं. माझ्या वहीत पहिल्या अकरा चुकांपैकी सात एकाच जातीच्या होत्या: पहिला जुळणारा माणूस सापडला की मी शोध थांबवत होते. तेव्हापासून माझा एक नियम आहे. मनासारखी नोंद सापडली की त्या दिवशी ती वंशवृक्षात घालायची नाही. आधी तिला खोटं ठरवू शकतील अशा तीन जागा लिहायच्या, त्या पाहायच्या, आणि मगच नाव चढवायचं.

क्रमांक ८ पुढे आज नाव आहे, त्याखाली तीन स्वतंत्र आधार आणि दीड पानांचा निष्कर्ष. क्रमांक १६ ची दोन नावं चिठ्ठ्यांवर आहेत. वंशवृक्षात ती जागा मी रिकामी ठेवली आहे.